मुक्कामाची पाळी

रविवार, ३ नोव्हेंबर

नेरिस झोपली. माझे प्रवचन चालू असताना, दुसऱ्या बाकावर, तोंड उघडे टाकून! आणि विषय कोणता — तर बागेतली ती रात्र, जेव्हा प्रभूने शिष्यांना घटकाभर जागे राहण्यास सांगितले आणि त्यांच्याने ते झाले नाही. माझ्याच शब्दांची अशी थट्टा व्हावी!

चॅपलला आता कायमचा पाळक परवडत नाही. म्हणून निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली तरी महिन्यातले दोन रविवार माझ्याच गळ्यात पडतात. बाकांवर मोजकी डोकी. त्यांतले एक घोरत आहे हे व्यासपीठावरून कसे दिसते, ते ज्याने भोगले त्यालाच ठाऊक.

दारात एरविन म्हातारा मोठ्याने म्हणाला, "पाळकसाहेब, तुमच्या उपदेशाचा गुण इतक्या झटकन येताना आजच पाहिला!" सगळे हसले. नेरिस लाल झाली. "चुकलं, पाळकसाहेब. डोळा लागला." मी मान हलवली. क्षमा केली असे मात्र नाही.

निजताना आठवले — हिचा बाप्तिस्मा माझ्याच हातचा. आणि माझ्या बहिणीच्या घरी आठवड्यातल्या बहुतेक रात्री मुक्कामाला असते, तीही हीच.

सोमवार, ४ नोव्हेंबर

संध्याकाळी गेनोरकडे. एकाहत्तर वर्षांची झाली; समज जन्मापासूनच लहान मुलीची. आई गेल्यावर खाणीच्या रस्त्यावरच्या संस्थेच्या घरात आली. तिच्यासारख्याच आणखी दोन बायका तिथे राहतात. गेल्या वर्षापासून तिची स्मृती सांडू लागली आहे. इंग्रजी आधी गेली. आता उरली ती फक्त आमची वेल्श, आणि तीही शेतावरची, गोठ्यातली.

"दादा, तांबडीला वासरू झालं!"

"केव्हा?"

"रात्री. नेरिसनं कंदील धरला."

शेत विकून चाळीस वर्षे झाली. मी विचारले, रात्री उठतेस का तू? तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू मूर्ख मीच. "दूध काढायला उठावं लागतं. मग नेरिस चहा देते. मग पाय चोळते. मग आम्ही गातो. मग परत उठावं लागतं."

निघताना नेरिस दारात भेटली, पाळीवर येत होती. हातात उशी — स्वतःची आणते. विचारले, रात्री किती वेळा उठवते गेनोर तुला?

"गेनोर? छे! मला झोपायचे पैसे मिळतात, पाळकसाहेब. असली नोकरी राणीच्या मांजरालासुद्धा नसेल!"

हसली. डोळे मात्र धुरात बसल्यासारखे लाल.

बुधवार, ६ नोव्हेंबर

कारविनला गाठले. त्या घराचा व्यवस्थापक. लहानपणी रविवारच्या शाळेत माझ्यापुढे बसत असे आणि दहा आज्ञांपैकी नेहमी एक विसरत असे. आज त्याच्याकडून मुक्कामाची पाळी म्हणजे काय ते नीट समजून घेतले.

देखभाल करणाऱ्या बाईने रात्री तिथल्या छोट्या खोलीत झोपायचे. गरज पडली तर उठायचे. रात्रीचे उक्ते चाळीस पौंड. झोपलेला माणूस काम करीत नसतो, असे वरच्या न्यायालयानेही म्हटले आहे. कुणी उठवले तर जेवढा वेळ जागी राहिली तेवढ्याची तासाप्रमाणे मजुरी — पण सकाळी तिने तसे सांगितले तरच.

"मग ती सांगत का नाही?"

कारविनने उठून दार लावले.

"सांगितलं की मला वर कळवावं लागतं. तिथून कौन्सिलला. एखाद-दुसऱ्या रात्रीचं चालतं. रोजचंच आहे म्हटलं की मुक्काम बंद, जागरणाची पाळी लावा — रात्रभर टक्क जागा माणूस, पूर्ण पगारावर. तेवढे पैसे कौन्सिल तीन बायकांच्या घराला देत नाही, पाळकसाहेब. गेनोरला उचलून समुद्रकाठच्या त्या मोठ्या शुश्रूषागृहात नेऊन टाकतील. झालं!"

"तिथे वेल्श कोण बोलते?"

"समुद्रपक्षी."

मग आवाज आणखी खाली आणून — "आणि हे मी तुम्हाला बोललेलो नाही. आत्ता आपण गळक्या छताबद्दल बोलतोय." दोघांनीही वर पाहिले. छत खरोखरच गळत होते.

म्हणजे नेरिस ठरवून गप्प आहे. रात्रीमागून रात्र जागते आणि सकाळी सांगते — झोपले होते. कारविनला माहीत आहे, म्हणून तो विचारीत नाही.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

मजुराची मजुरी दुसऱ्या दिवसाच्या सकाळपर्यंत आपल्यापाशी ठेवू नये, असे मोशेचे नियमशास्त्र सांगते. जन्मभर वाचले, हिब्रूतही वाचले. ती मजुरी रात्रीचीच असू शकेल हे कधी मनात आले नाही.

रविवार, १० नोव्हेंबर

आज दुसऱ्या कुणाचे प्रवचन होते. नेरिस जागी होती — मांडीला चिमटे काढीत. उपासना संपल्यावर तिला मागच्या खोलीत बोलावले.

"कारविननं सांगितलं ना? थांबा, कान उपटते मेल्याचे!"

मी म्हणालो, रोज सकाळी 'रात्र शांत गेली' असे सांगतेस, हे असत्य आहे.

"शांतच जाते. मारामाऱ्या होतात का तिथं? दोन बायका बसून गातात."

"मग दिवसा झोपत जा."

"सातला सुटते, आठला शाळेच्या स्वयंपाकघरात हजर. घर भाड्याचं आहे, पाळकसाहेब, स्वर्गातलं नाही."

मी पाकीट पुढे केले. तिने उघडलेसुद्धा नाही. माझ्याच कोटाच्या खिशात परत खुपसले, आईने मुलाचा रुमाल खुपसावा तसे. "घरच्या माणसांकडून पैसे घेतले की संस्था चोर ठरवते, ठाऊक आहे? आणि तुमच्या पेन्शनीत काय येतं हो? मेणबत्त्या तरी येतात का?"

मग एकदम हळू — "तिला तिकडं नेलं, तर रात्री 'तांबडी हंबरतेय' म्हणाली की त्यांना काय कळणार? गोळी देतील. मी नाही सांगणार. तुम्हीही नाही सांगायचं."

मिसरात इब्री सुइणींनी राजापुढे खोटे सांगून बालके वाचविली, आणि देवाने त्यांचे कल्याण केले. मी तो दाखला तिला दिला नाही. स्वतःला मात्र दिवसभर देत राहिलो. तो मला फारच सोयीचा आहे, हीच त्यातली अडचण.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

गप्प आहे. गेनोर आनंदात. नेरिसचा चेहरा मेणासारखा.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

नेरिसची गाडी शाळेच्या कुंपणावर आदळली. सकाळी, मुक्कामावरून थेट कामावर जाताना. गाडी चालवतानाच डोळा लागला. मुले अजून यायची होती — देवाचे उपकार, दुसरा शब्द नाही! मुलांना रस्ता ओलांडून देणारा म्हातारा नुकताच येऊन उभा राहिला होता, तो नाल्यात उडी मारून वाचला. नेरिसचे मनगट मोडले. दगडी भिंतीला खिंडार पडले आहे. मी जाऊन पाहिले. पलीकडे लहान मुलांचा घसरगुंडीचा चौक.

शाळेने तिला 'येऊ नका' सांगितले. संस्थेनेही पाळीवरून उतरवले; चौकशी बसणार. कारविन फोनवर रडकुंडीला आला होता. "विचारतात — रात्रभर झोपलेली बाई सकाळी आठला गाडीत कशी झोपते? पिते का? गोळ्या घेते का? काय सांगू मी? रोजच्या रोज तिनंच सांगितलंय, शांत झोप, शांत झोप!"

जे खोटे तिने माझ्या बहिणीसाठी उच्चारले ते आता तिच्याच विरुद्ध साक्षीला उभे आहे.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

नेरिसकडे गेलो. हात गळ्यात बांधलेला. एका हाताने केक कापायला निघाली. मी सुरी काढून घेतली.

"सोमवारी चौकशी आहे," मी म्हणालो. "मी येणार आहे."

"यायचं नाही."

"तुला दारुडी ठरवतील. पुन्हा कुणी काम देणार नाही."

"ठरवू देत. गावाला माहीत आहे मी पीत नाही. नाताळात घेते तेवढीच, तीही तुमच्या बायकोच्या हातची होती तोवर. आता ती गेली नि दारूही गेली." हसू आले नाही कुणालाच. "पाळकसाहेब, ऐका. मला दुसरं काम मिळेल. गेनोरला दुसरं घर मिळणार नाही. त्या शुश्रूषागृहात तिला पाठवलंत, तर पुन्हा तुमचं तोंड बघणार नाही मी. चॅपलातसुद्धा नाही!"

केक तसाच राहिला.

एका ताटलीत माझी बहीण, दुसरीत ही बाई. तराजू धरायला मी. आणि मी बोललो नाही तर दोन्हीकडून मलाच लाभ — बहीण जागेवर, माझी वेल्श बोलणारी बहीण, चालत जाण्याच्या अंतरावर.

शनिवार, २३ नोव्हेंबर

रोमी सैन्यात रात्रीचे चार प्रहर करीत आणि प्रत्येक प्रहराला पहारेकरी बदलीत. चारही प्रहर एकाच माणसाला जागविणे त्या निष्ठुर लोकांनाही सुचले नव्हते.

बोलणार.

सोमवार, २५ नोव्हेंबर

बोललो.

संस्थेच्या मुख्य कार्यालयातल्या एक बाई, कौन्सिलच्या एक बाई, कारविन, आणि भिंतीकडे तोंड करून नेरिस. दोघी बायका सभ्य होत्या. पाणी दिले, खुर्ची दिली. मी सांगितले की माझी बहीण रोज रात्री वारंवार उठते, नेरिस तिच्याबरोबर जागते, आणि बहीण हलविली जाऊ नये म्हणून ते लपवते. तिची झोप बुडाली ती आपल्या सर्वांसाठी. तिची मजुरी तिला मिळाली पाहिजे.

"आपण रात्री तिथे होता?"

"नाही."

"मग आपल्याला कुणी सांगितलं?"

"माझ्या बहिणीने."

कौन्सिलच्या बाईने पेन खाली ठेवले. फार हळुवारपणे. "मिस्टर पॅरी, आपल्या बहिणीने आपल्याला आणखी काय सांगितलं? रात्रीबद्दल?"

मी खोटे बोलू शकलो नाही. "गाईला वासरू झाले."

कुणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते. कारविनला विचारले, तो छताकडे पाहत म्हणाला, माझ्यापर्यंत काहीच आलेलं नाही. मग मुख्य कार्यालयातल्या बाई नेरिसकडे वळल्या — "हे खरं आहे का?"

मला वाटले, नाही म्हणेल. आणि — हे लिहितो, कारण इथे दुसरे कुणी नाही — तिने नाही म्हणावे असेही क्षणभर वाटले. तिने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग होता, आणि रागाच्या खाली ती लहान मुलगी, जिच्या कपाळावर मी पाणी शिंपडले होते.

"पाळकसाहेब खोटं बोलत नाहीत," ती म्हणाली. "खरं आहे."

ठरले ते असे: आठवडाभर रात्री एक जागी बाई दाराबाहेर बसेल. एजन्सीची, तिऱ्हाईत, म्हणजे पक्षपात नको. गेनोर उठते असे दिसले तर नेरिस निर्दोष, मागची मजुरीही मिळेल — आणि गेनोरची रवानगी. उठत नाही असे दिसले, तर नेरिसने अपघात झाकायला खोटे सांगितले असे धरले जाईल.

बाहेर आल्यावर नेरिस माझ्याशी बोलली नाही. पायऱ्या उतरताना मात्र माझा कोपर धरला, बर्फ होता.

बुधवार, २७ नोव्हेंबर

पहिली रात्र झाली. एकही हाक नाही.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

दुसरी. नाही. दाराशी नवे माणूस, बावरली असेल. एक-दोन दिवसांत मूळपदावर येईल.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

एजन्सीच्या मुलीला भेटलो. कर्स्टी तिचे नाव. मँचेस्टरची, इथली पोर नव्हे. मनाने चांगली. स्वतःच्या पैशांनी गेनोरसाठी चॉकलेट आणते. "तुमची बहीण म्हणजे देवदूत आहे, मिस्टर पॅरी! नुसती पडून असते. हूं नाही की चूं नाही. मी दारातून डोकावते, हात हलवते, ती बघते आणि डोळे मिटते. असं गिऱ्हाईक रोज मिळो!"

सकाळी पांघरूण भिजलेले असते, म्हणाली, पण या वयात ते होतेच.

कर्स्टीची वेल्श? "थँक्यूला काय म्हणतात तेवढं शिकले!" — म्हणून दाखवले. चुकीचे म्हटले, पण म्हटले.

रविवार, १ डिसेंबर

आज प्रार्थनेत काय मागावे ते कळेना. ती उठू दे म्हणावे, तर बहीण जाते. न उठो म्हणावे, तर नेरिस बुडते. पन्नास वर्षे लोकांना प्रार्थना करायला शिकवली. गुडघ्यांवर नुसताच बसलो. शेवटी उठताना गुडघा धरला, तेवढेच फळ.

नेरिस चॅपलात आली नाही. तिच्या बाकावर कुणी बसले नाही.

शुक्रवार, ६ डिसेंबर

निर्णय आला. आठवडाभरात एकदाही झोपमोड नाही. मुक्कामाची पाळी पुरेशी आहे. गेनोर आहे तिथेच राहील.

नेरिसला काढले — खोटे विधान, आणि झोपेत गाडी चालवून मुलांचा जीव धोक्यात घालणे. मागच्या मजुरीचा प्रश्न उद्भवत नाही. माझ्या साक्षीविषयी एक वाक्य आहे: कुटुंबीयांचा प्रामाणिक गैरसमज, वय लक्षात घेता समजण्याजोगा.

वाचून झाल्यावर पहिली भावना कोणती आली? आनंद. 'आहे तिथेच राहील' — या तीन शब्दांपाशी थांबलो आणि सुखावलो. पुढचे वाचायला वेळ लागला.

रविवार, ८ डिसेंबर

उपासनेनंतर नेरिसकडे गेलो. ती माझे तोंड पाहणार नाही असे वाटले होते. दार उघडले, चहा टाकला. मनगटाचे प्लास्टर तसेच होते.

एका हॉटेलात चादरी बदलायचे काम बघते आहे, म्हणाली, हात बरा झाला की. दिवसाचे काम. "रात्री झोपीन राणीसारखी!" मग कपात चमचा फिरवत राहिली, साखर घातली नव्हती तरी.

"पाळकसाहेब, खरं सांगा. एकदाही उठली नाही ती?"

"एकदाही नाही."

"गाय, दूध — काहीच नाही?"

"काहीच नाही."

मी तिच्या रागाला तयार होतो. राग आला नाही. म्हणाली, "मग माझंच चुकत होतं. मी दारात सारखी डोकावायची ना, जागी आहे का बघायला — मीच उठवत असेन तिला. मी नाही तर बघा, कशी शांत झोपते!"

मी तिचे सांत्वन केले. म्हणालो, असे नसते. पण मलाही तसेच वाटू लागले होते. तिला ते दिसले असावे. पोहोचवायला दारापर्यंत आली. "गेनोरला सांगू नका हं, मला काढलं म्हणून. नेरिसला सर्दी झाली आहे, एवढंच सांगा."

बुधवार, ११ डिसेंबर

गेनोरच्या कुशीला जखम झाली आहे. एकाच अंगावर पडून राहिल्याने, असे डॉक्टर म्हणाले. मी हात हातात घेतला आणि आमच्या भाषेत विचारले, "रात्री झोप लागते ना, गेनोर?"

"नाही."

"मग काय करतेस?"

"उजाडायची वाट बघते."

"अगं, मग हाक का मारीत नाहीस?"

तिने दाराकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"कुणाला?"